मोतीचा मागचा उजवा पाय

देवाकडे केलेल्या मागणीचा, सरकारी कचेरीत अडकलेल्या अर्जासारखा, पाठपुरावा करणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि त्या माणसाचा देवावर विश्वास नव्हता. तसं ते कुणी न विचारताही सांगत. "विश्वास नाही, पण पद्धत चांगली आहे," हे त्यांचं प्रार्थनेबद्दलचं मत. आमच्या शाळेतून गेलेल्या एका मुलीचे ते आजोबा. शाळेत आजोबा पुष्कळ आहेत, पण "आजोबा आले का?" असं कुणी विचारलं की ते फक्त यांच्याबद्दलच असतं. माझ्याहून ते फार तर पंधरा-सोळा वर्षांनी मोठे असतील, तरी मीही त्यांना आजोबाच म्हणते. ते मला बाई म्हणतात. शाळेतल्या इतर बायकांनाही ते बाईच म्हणतात, पण मला म्हणताना त्यात थोडा संशय असतो, कारण शाळेच्या याद्या माझ्याकडे असतात आणि जन्मभर याद्यांशी संबंध आलेल्या माणसाला दुसऱ्याच्या यादीची भीती वाटते.

आमची ख्रिस्ती प्राथमिक शाळा मार्केट यार्डच्या मागच्या अंगाला आहे. पहिली ते चौथी, एक मैदान, एक बुचाचं झाड आणि दिवसभर मालाच्या ट्रकचे हॉर्न. मी तिथं ऑफिस सांभाळते. मला याद्या करायला आवडतात असं लोक म्हणतात. आवडण्याचा प्रश्न नाही. केल्या नाहीत तर गोष्टी हरवतात, एवढंच. धायरीला घरी मी एकटीच, त्यामुळे मी शाळेत लवकर पोचले काय आणि उशिरा निघाले काय, कुणाचं वेळापत्रक बिघडत नाही. सगळ्या कुलपांच्या किल्ल्या म्हणूनच माझ्याकडे आहेत.

शाळेत एक जुनी पद्धत आहे. सोमवारी परिपाठाला प्रार्थना झाली की मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, विचारतात, "कुणाच्या घरची बातमी आहे?" आनंदाची बातमी असली की सगळी शाळा देवाचे आभार मानते, अडचणीची असली की डोळे मिटून मागणी करते. मी ती बातमी ऑफिसाबाहेरच्या फळ्यावर लिहिते. अडचण दूर झाली असं त्या मुलानं येऊन सांगितल्याशिवाय ओळ पुसायची नाही, हा नियम. नियम माझाच. पूर्वी लोक मागत आणि विसरून जात, ते मला बरं दिसत नव्हतं.

घरातलं काय सांगावं आणि काय सांगू नये हे पहिली-दुसरीच्या मुलांना कळत नाही, ही या पद्धतीतली सगळ्यात मोठी अडचण आणि सगळ्यात मोठी मजा. बाबांनी मावशीला चेटकीण म्हटलं तेव्हापासून आई बोलत नाही, ही बातमी आम्ही भर मैदानात ऐकलेली आहे. एका सोमवारी एका आडत्याच्या मुलानं कांद्याचा भाव पडला म्हणून मागणी मांडली आणि लगेच मागच्या रांगेतल्या एकीनं, जिची आई खानावळ चालवते, त्याच भावाबद्दल आभार मानले. देवाची त्या दिवशी पंचाईत झाली असणार. आमची निम्म्याहून जास्त मुलं ख्रिस्ती नाहीत. हमालांची, टेम्पोवाल्यांची, गाळ्यांवर कारकुनी करणाऱ्यांची, सगळी असतात. एका बौद्ध घरातले वडील सरकारी नोकर. ते नाव घालताना विचारायला आले होते की मुलीला या प्रार्थनेला बसावं लागेल का. मोठ्या बाई म्हणाल्या, "डोळे मिटून शांत बसली तरी पुरे. ते तर तुमच्याकडेही शिकवतात." ते हसले आणि फॉर्म भरला. आठवड्याभरात पोरीनं वडिलांच्या बदलीची बातमी सगळ्यांच्या आधी सांगितली. वडिलांच्या ऑफिसातही तोवर ती कुणाला ठाऊक नव्हती.

आता आजोबा. राहायला नारायण पेठेत. नोकरी विमा कंपनीत, आणि काम आयुष्यभर एकच: लोकांनी केलेले नुकसानीचे दावे खरे आहेत की खोटे, ते जागेवर जाऊन पाहायचं. जळालेली दुकानं, भिजलेली गोदामं, चालक नसताना आपोआप दरीत गेलेल्या मोटारी. निवृत्त झाले तरी नजर तीच राहिली. कुणी नुसतं "बरं वाटत नाहीये" म्हटलं तर ते "कधीपासून, आणि आदल्या दिवशी काय खाल्लं होतं?" असं विचारत. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा आणि सून आयटीत, त्यांचा फ्लॅट आमच्या शाळेजवळ, म्हणून नात आमच्याकडे. तिला सोडायला आणि न्यायला आजोबा रोज पेठेतून बसनं येत, आणि येताना हेल्मेट घालून येत. त्यांच्याकडे गाडी नव्हती. कधीच नव्हती. चालताना हेल्मेट, बसमध्ये हेल्मेट, फाटकातून आत येताना हेल्मेट. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "गाडीवाल्याला निदान माहीत असतं आपण कुणाला ठोकणार आहोत. चालणाऱ्याला काहीच कल्पना नसते. मग गरज कुणाला जास्त?"

नातीला वर्गात सोडलं की ते बुचाच्या झाडाच्या खालच्या फांदीला हेल्मेट अडकवत, पिशवीतली स्वतःची उशी काढून बाकावर ठेवत आणि शाळा सुटेपर्यंत बसत. परत पेठेत जाऊन यायचं म्हणजे नुसती बस तापवायची, असं त्यांचं म्हणणं. वर्गातल्या मुलांना खिडकीतून ते पांढरं हेल्मेट दिसे, आणि फांदीला हेल्मेट आहे म्हणजे आजोबा आहेत, हे आमच्याकडे घड्याळासारखं झालं होतं. फुलांच्या दिवसांत बुचाची फुलं त्यात पडून राहत. आजोबा ती झटकत नसत. तशीच हेल्मेटमध्ये घेऊन, त्या दिवसापुरते उघड्या डोक्यानं, बसस्टॉपवर जात. घरी नेऊन त्या फुलांचं काय करतात असं विचारलं तर म्हणाले, "काही नाही. ठेवतो."

परिपाठात त्यांनी पहिल्यांदा तोंड घातलं ते एका टेम्पोमुळे. दुसरीतल्या एका मुलानं बाबांचा टेम्पो पंक्चर झाल्याची बातमी सांगितली. मोठ्या बाई डोळे मिटणार तेवढ्यात बाकावरून आवाज आला, "पुढचं चाक की मागचं?" सगळी शाळा वळली. मुलगा म्हणाला, "मागचं." "स्टेपनी होती?" "होती. तीपण पंक्चर होती." आजोबांनी मान हलवली आणि मोठ्या बाईंना म्हणाले, "मग दोन्ही चाकांसाठी करा." मोठ्या बाईंनी आजवर शिक्षणाधिकाऱ्यांपासून वासरापर्यंत सगळ्यांना मैदानात आलेलं पाहिलंय. त्यांनी शांतपणे दोन्ही चाकांसाठी प्रार्थना केली. त्या दिवसापासून आजोबा आमच्या परिपाठाचे सर्व्हेअर झाले.

तिसरीतल्या एका मुलीच्या आजीचा गुडघा आम्ही बरेच सोमवार फळ्यावर चालवला. शेवटी एकदा ती म्हणाली, आजी आता जिना चढते. मी ओळ पुसायला फडकं घेऊन उठले. "थांबा," आजोबा म्हणाले, "उतरते का?" मुलगी विचारात पडली. आजी चढते, पण उतरताना बाबांना हाक मारावी लागते, असं निघालं. "अर्धा क्लेम," आजोबांनी निकाल दिला. माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं, आणि शाळेनं पुढचे दोन सोमवार आजीच्या फक्त उतरण्यासाठी प्रार्थना केली. उतरू लागल्यावर आजोबांनी स्वतः जाऊन जिना पाहिला. परत येऊन मला म्हणाले, "पायऱ्या उंच आहेत. म्हातारीचा दोष नाही." मग मला पुसायची परवानगी मिळाली. मुलांना हे सगळं फार आवडे. आपल्या बातमीला कुणीतरी उलट प्रश्न विचारतं, याचा त्यांना मान वाटायचा. ती आजोबांसाठी तयारी करून येऊ लागली. मांजर हरवलं असेल तर शेपटीचा रंग, हरवल्याची वेळ आणि शेवटी कुणाशी भांडलं होतं, हे सगळं पाठ.

नात दुसरीत असताना मुलाला मेलबर्नला नोकरी लागली आणि ते कुटुंब गेलं. त्या आधीच्या सोमवारी नातीनंच ती बातमी सांगितली, आणि आम्ही सुखरूप प्रवासासाठी प्रार्थना केली. आजोबांनी त्या दिवशी काही विचारलं नाही. पुढच्या सोमवारी मी फाटक उघडलं तर फांदीला हेल्मेट.

आता, ज्याचं मूल शाळेत नाही त्या माणसाला शाळेच्या वेळात आवारात बसता येत नाही. हाही नियम माझाच आणि चांगला आहे. मी बाकाजवळ गेले आणि तसं सांगितलं. आजोबांनी फळ्याकडे बोट केलं. "सुखरूप प्रवास. ओळ अजून आहे. पोचल्याचं शाळेत येऊन सांगितल्याशिवाय पुसायची नाही, असं तुम्हीच म्हणता. नात येऊन सांगू शकत नाही. मग मी येणार." मी म्हटलं, मग सांगा आणि पुसू. ते म्हणाले, "विमानानं पोचले. सामानातली एक बॅग यायचीय." ती बॅग यायला बराच काळ लागला. बॅग आली तेव्हा नातीच्या नव्या शाळेची मागणी सुरू झाली होती, आणि शाळा मिळाली तेव्हा तिचा पुढचा दात हलू लागला होता. मी मोठ्या बाईंकडे प्रकरण नेलं. त्या म्हणाल्या, "फळ्यावर ओळ आहे ना? मग बसू देत." आपल्याच नियमाखाली सापडणं काय असतं ते मला तेव्हा कळलं.

पहिले काही महिने बातम्या भरघोस होत्या. रविवारी मेलबर्नचा फोन येई आणि सोमवारी आजोबा उभं राहून सांगत. तिथं डबा थंडच खातात. तिथं शाळेत बूट काढत नाहीत. नातीला मैत्रीण मिळाली, ती केसांना निळा रंग लावते. मुलं तोंडं उघडी टाकून ऐकत. मग हळूहळू नातीला वर्गात ओळखणारी मुलं वरच्या इयत्तेत गेली, आणि फोन लहान होत गेले असावेत. आजोबा उभे राहत आणि म्हणत, "फोन झाला. सगळे बरे आहेत." मोठ्या बाई आभार मानत. असं ओळीनं बरेच सोमवार झालं. एका सोमवारी पहिलीतली एक मुलगी, तिच्याकडे स्वतःची कावीळ होऊन गेल्याची चांगली बातमी होती, शेजारणीला म्हणाली, "या आजोबांकडं काहीच नसतं." ती हळू बोलली, पण पहिलीतल्या मुलांचं हळू बोलणं सगळ्या मैदानाला ऐकू जातं.

पुढच्या सोमवारी आजोबांनी सांगितलं की नातीनं कुत्रा पाळलाय. नाव मोती.

मेलबर्नमध्ये कुत्र्याचं नाव मोती ठेवणारं घर नारायण पेठेतूनच गेलेलं असणार, असं मनाशी म्हणून मी ते लिहून घेतलं. मोतीनं शाळा जिंकली. तो पांढरा, एका कानावर तपकिरी ठिपका. त्याला वांगं आवडत नाही. तो तिथल्या पोस्टमनवर भुंकत नाही, कारण तिथला पोस्टमन वेळेवर येतो. दर सोमवारी बाकीच्या बातम्या घाईघाईनं उरकून मुलं आजोबांकडे माना वळवत. मग मोतीला अपघात झाला. आजोबांनी नेहमीच्या पद्धतीनं अहवाल दिला: सायकलचा धक्का, मागचा उजवा पाय, हाड शाबूत, मुका मार, सूज आहे. शाळेवर शोककळा पसरली. अर्धशिशीपासून कर्जापर्यंतच्या ओळी फळ्यावर होत्या, पण मुलं येता-जाता हात लावत ती मोतीच्या ओळीला, इतकी की मला ती दर दोन दिवसांनी पुन्हा लिहावी लागे. पाय काही बरा होईना. सूज उतरली तर लंगडणं राहिलं, लंगडणं कमी झालं तर थंडी बाधली. तिसरीच्या मुलांनी कार्यानुभवाच्या तासाला मोतीसाठी कार्डं केली: लवकर बरा हो, आम्ही तुझी वाट पाहतो, वांगं खाऊ नको. गठ्ठा बांधून मी म्हटलं, मेलबर्नला मी पाठवते, पत्ता ऑफिसात आहे. आजोबांनी तो माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. "मी पाठवतो," म्हणाले. "पोस्टात लोक नीट हाताळत नाहीत."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांच्या सुनेचा ऑफिसात फोन आला. नातीच्या जुन्या प्रगतिपुस्तकाची प्रत हवी होती. मी मेल कुठं करायची ते लिहून घेतलं आणि जाता जाता विचारलं, मोतीचा पाय कसा आहे. ती म्हणाली, "कोण मोती?" मी म्हटलं, तुमचा कुत्रा. "आमच्याकडे कुत्रा नाही हो. या बिल्डिंगमध्ये परवानगीच नाही. पोरगी मागे लागली होती, पण… का? बाबा काही म्हणाले का?"

ऑफिसाच्या खिडकीतून मला फांदीवरचं हेल्मेट दिसत होतं. मी म्हटलं, "नाही. दुसऱ्या एका मुलीचा कुत्रा. माझी गल्लत झाली." माझ्या सगळ्या नोकरीत गल्लत झाल्याची मी दिलेली ही एकुलती एक कबुली, आणि ती न झालेल्या गल्लतीची. सून म्हणाली, "बाबा अजून शाळेत येतात?" येतात, म्हटलं. "बरं आहे. आम्ही दर रविवारी फोन करतो, पण ते 'सगळं बरं आहे' म्हणतात आणि ठेवून देतात. मग पुढं काय विचारायचं तेच कळत नाही."

मोठ्या बाईंना मी लगेच काही सांगितलं नाही. पण हे मिटवायला हवं होतं. नाताळात ते सगळे आठवडाभर पुण्याला यायचे होते, नात शाळेत डोकावणार हे नक्की, आणि सगळी शाळा तिला एकच गोष्ट विचारणार होती. नातीसमोर आणि त्या सगळ्या मुलांसमोर आजोबा खोटे ठरले असते, आणि मग हेल्मेट पुन्हा त्या फांदीला लागलं नसतं. काय बोलायचं त्याचे मुद्दे मी मनात क्रमानं लावले. सोमवारी बोलायचं ठरवलं. सोमवारी फांदी मोकळी. त्याच्या पुढच्या सोमवारीही मोकळी. मुलं मलाच विचारू लागली, मोती जास्त आजारी आहे का. शनिवारी ऑफिस बंद करून मी नारायण पेठेत गेले.

जुन्या इमारतीचा तिसरा मजला, पायऱ्या उंच. दार आजोबांनीच उघडलं, स्वेटर, मफलर, दाढी वाढलेली. आठ-दहा दिवस तापानं पडले होते. आता उतरलाय, म्हणाले. आत दोन खोल्या. पलंगावरून समोरच्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली, आणि तिला चिमट्यांनी ओळीनं लावलेली ती सगळी कार्डं. लवकर बरा हो. आम्ही तुझी वाट पाहतो. वांगं खाऊ नको. खाली खिडकीच्या कठड्यावर एका परातीत बुचाची सुकून तपकिरी झालेली फुलं. माझे मुद्दे क्रमानं लावलेले होते, पण पहिला कुठला ते आठवेना.

मी म्हटलं, "सुनेचा फोन आला होता."

आजोबा पलंगावर बसले. "तिला सांगितलंत?"

"नाही. माझी गल्लत झाली असं सांगितलं."

"तुमची?" त्यांनी मफलर सोडला. "आणि तिला पटलं?"

"ती मला फारशी ओळखत नाही."

ते हसले, मग खोकले. मी पाणी दिलं. म्हणाले, "जन्मभर मी असले दावे फेटाळले. सगळ्यांची एकच चूक असते, बाई. तपशील फार देतात. ठिपक्याचा कान सांगितला तेव्हाच तुमच्या लक्षात यायला हवं होतं." मी म्हटलं, ते जाऊ द्या, मोती या सोमवारी बरा झाला पाहिजे, धडधाकट, म्हणजे नात येईपर्यंत मुलं विसरून जातील. लहान मुलं बरं झालेलं लगेच विसरतात. त्यांनी मान हलवली. मग दोरीवरच्या कार्डांकडे बघत म्हणाले,

"बरा झाला, तर त्याच्या पुढच्या सोमवारी मी काय सांगू?"

याचा मुद्दा मी काढलेला नव्हता. मी चहा करते म्हणून स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर एक पातेलं पाणी घालून ठेवलेलं, तळाला खिचडी काळी होऊन चिकटलेली. ते घासताना मला बोलायला सोपं गेलं. आतूनच म्हटलं, "फळ्यावर घरची बातमी लिहितात. मेलबर्नची नाही. तुमच्या घरची."

"माझ्या घरात काही घडत नाही."

"खिचडी करपलीय."

"ती काय बातमी आहे?"

"पंक्चरची होते. हिची का नाही?" चहात साखर कमी आहे एवढंच म्हणाले.

सोमवारी फांदीला हेल्मेट होतं. आजोबा उभे राहिले आणि मोती पूर्ण बरा झाल्याचं सांगितलं: लंगडत नाही, पळतो, औषध बंद. मैदानात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की बाहेर एका ट्रकवाल्यानं उगाच हॉर्न वाजवला. मोठ्या बाईंनी आभाराचं गाणं घ्यायला सांगितलं. मी फळ्यावरची ओळ पुसली. आणि मी म्हटल्याप्रमाणे, गाणं संपेपर्यंत मोती अर्धा विसरला गेला होता. "आणखी कुणाची बातमी?" मोठ्या बाईंनी विचारलं. कुणाचीच नव्हती. आजोबा खाली बसले होते. ते पुन्हा उठले. आयुष्यभर इतरांच्या नुकसानीचे अहवाल लिहिलेला माणूस, आज स्वतःचा देत होता.

"माझ्या घरची," ते म्हणाले. "मी एकटा असतो. परवा खिचडी केली. करपली."

मला वाटलं आता कुणीतरी हसेल, आणि हसेल असं वाटलं त्या पोराकडे मी डोळे वटारले. मग पहिलीतली ती कावीळवाली मुलगी उभी राहिली. "खालून करपली की सगळी?"

"खालून."

"पाणी किती घातलं होतं?" हा प्रश्न टेम्पोवाल्याच्या मुलाचा. मग सगळीकडून सुरू झालं. गॅस मोठा होता का. कुकर का नाही लावला. खाताना वास येत होता का. वरची तरी खाल्ली ना. आजोबा एकेकाला नेमकं उत्तर देत होते, हात पाठीमागे बांधून, साक्षीदारासारखे. शेवटी मोठ्या बाईंनी हात वर केला, सगळी शाळा डोळे मिटून बसली, आणि आम्ही आजोबांच्या खिचडीसाठी प्रार्थना केली. मला प्रार्थना चालू असताना डोळे उघडे ठेवून मुलं मोजायची सवय आहे. त्या दिवशी बाकावर आजोबांचेही डोळे मिटलेले मी पहिल्यांदा पाहिले.

त्यानंतर मी मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "ताप गेला ना?"

नाताळात नात आली. उंच झालीय, मराठी जरा अडखळतं. मुलांनी तिला मोतीबद्दल काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं ते असं, की तू आजोबांच्या घरी राहतेस तर आता खिचडी कशी होते. तिला काही कळेना. मग ते सगळं तिला आजोबांनीच समजावून सांगितलं असावं, कारण हल्ली रविवारच्या फोनवर मेलबर्नहून पहिला प्रश्न तोच येतो, असं ते सांगतात.

खिचडीची ओळ अजून फळ्यावर आहे. करपणं थांबलं तर मीठ जास्त झालं, मीठ जमलं तर तांदूळ कच्चा राहिला. इतक्या दिवसांत सहा वर्षांच्या पोरालासुद्धा खिचडी यायला हवी. ते मुद्दाम बिघडवतात असा मला संशय आहे, पण जागेवर जाऊन पाहणी करायचं मी टाळलंय.

मे महिन्यात सुट्टी लागली. शाळा बंद असली तरी ऑफिसाला सुट्टी नसते. दाखले, प्रवेश, सगळं तेव्हाच असतं. मैदान रिकामं, वर्गांना कुलपं, फांदी मोकळी. सोमवारी सकाळी फोन वाजला.

"बाई, आज डाळ शिजली नाही," आजोबा म्हणाले.

"लिहून घेते," मी म्हटलं, आणि घेतलं.

त्यांनी फोन ठेवला नाही. म्हणाले, "तुमच्याकडे काय?"

त्या ऑफिसात मी आजवर शाळेतल्या प्रत्येक घराची बातमी लिहिलीय. मी म्हटलं, "काही नाही. सगळं बरं आहे."

"असं चालत नाही, बाई. नेमकं सांगा."

खिडकीबाहेर एकही मूल नव्हतं. टेबलावर माझा डबा होता, सकाळी भरलेला. मी त्याचं झाकण उघडलं.

"दोडक्याची भाजी आणलीय," मी म्हटलं. "एकटीनं खायचा कंटाळा येतो. बऱ्याचदा डबा तसाच परत नेते."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांबा," आजोबा म्हणाले. "लिहून घेतो."